भागिरथेचे अठ्ठेचाळीस

१० फेब्रुवारी
पहिली टपकली ते भागिरथाच, माही मोठी जाऊ. दवाखान्याच्या बाया तिच्या मांगून. मले नसांचा आजार आहे, मोटर न्यूरॉन म्हणतात, तो किती वाढला ते मोजाले येतात. त्यातल्या वैजयंतीबाईनं इचारलं, घास गिळता येते का, गुंडी लावता येते का, जिना चढता येते का. आकडा निघाला एक्केचाळीस. भागिरथेनं संक्रांतीच्या हळदीकुंकवात साऱ्या बायांपुढं माह्याबद्दल सांगतलं व्हतं, मनकर्णा काही दिवाळी पाहत नाही. पाहून घेतो तिले. आकडा पाडूनच दाखवतो.

१२ मे
छत्तीस. उतरला! आमच्या मालकाची शुगर उतरली तवा शिरा केला व्हता, तसाच नातीकडून करून घेतला. वैजयंतीबाईनं तोंडात घातला नाही, वाटी बाजूले सारली. नजर लागली तिची. भागिरथा म्हणे, मलेबी इचारा. तिचे निघाले अठ्ठेचाळीस. आजारानं काठोकाठ भरलेली बाई. मी साऱ्या गावात, इंझोरीभर सांगतलं.

१४ मे
भागिरथा रडत आली. काय केलं म्हणजे उतरते म्हणे. मी सांगतलं, सेवा. रोज सकाळी मले पातळ लापशी भरवाची, पाय चेपाचे. आता बसते चमचा धरून. लय गोड लागते. तसा मलेबी चमचा धरता येते, पण नवे चमचे गुळगुळीत आहेत. पेनबी भिकार. मुठीत धरून लिहून राह्यलो.

११ ऑगस्ट
तीस. पेढे आण म्हटलं तं वैभवी, माही नात, रडाले लागली. मग वैजयंतीबाईनं जवळ बसून सांगतलं. धडधाकट माणसाचे अठ्ठेचाळीस असतात. तो आकडा आजाराचा नाही, अंगात जे बळ उरलं त्याचा.

१२ ऑगस्ट
भागिरथेले सांगाचंच नाही ठरवलं. लापशी बंद व्हईन. घाबरू दे अजून.
लापशी आली. सांगून टाकलं. जीभ जड, दोनदा सांगा लागलं, "तुले काही नाही झालं, बाई."
ती म्हणे, "मले ठाऊक हाय. मे मयन्यातच फोन करून इचारलं म्या वैजयंतीबाईले. तोंड उघड."
म्हणजे इतके दिवस ठाऊक असून भरवत व्हती. असा सूड तं मलेबी जमला नसता.
तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी येतो म्हणल्या बाया. दिवाळी मधातच येते.