पाचवा सूर

३ जून, सोमवार

सापडली! टिटवी अलगद हातात सापडली!

भाषाशास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादकांनी तपासायला लेख पाठवलाय. लेखकाचं नाव झाकलेलं, आमच्या धंद्याची रीतच ती. लेखकाला परीक्षक कळत नाही, परीक्षकाला लेखक. पण विषय? लाँड्री चालवणाऱ्या एका चिनी म्हातारीची बोली! तिच्या टेपा फक्त तिघांनी ऐकल्यात. माझ्या सरांनी त्या भरल्या, मला नक्कल दिली, मी मूर्खासारखी माझ्या विद्यार्थिनीला, त्या टिटवीला एक काढून दिली. सरांना आता दारावरची बेल ऐकू येत नाही, ते सूर काय ऐकणार! लेख मी लिहिलेला नाही. उरलं कोण?

पाच वर्षं माझ्या हाताखाली शिकली. मार्चमध्ये शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापक बाईंकडे संशोधनाला गेली. जाताना म्हणे, "सर, तुम्ही ऐकूनच घेत नाही." आता ऐकवतो!

४ जून

लेख वाचला. चिनीत आवाजाच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो. म्हातारीच्या बोलीत असे सूर चार, हे माझं पुस्तक सांगतं. वीस वर्षं सगळे त्यावरूनच शिकतायत. हा लेख म्हणतो, पाच. म्हणजे माझं पुस्तक रद्दीत!

आणि भाषा केवढी नम्र! "माझ्या अल्पमतीनुसार", "चुकत असल्यास दुरुस्त करावे". सोंगं नुसती.

बायको म्हणाली, "एकटेच काय हसताय?" म्हटलं, काम आवडीचं आहे.

५ जून

कॉलेजात खोलीचं दार लावून टेप ऐकली. अकरा वेळा.

आहे. पाचवा सूर आहे. आखूड, घशाशी येऊन एकदम तुटणारा. मी तो चौथ्यातच ढकलत आलो. ऐकलाच नाही असं नाही – एकदा शंका आली होती, पण तेव्हा पुस्तक छापायला गेलं होतं.

टेप कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

६ जून

अहवाल पाठवला. "पाचव्या सुराला कसलाही आधार नाही. लेखकाला कान नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्याने सुरांच्या वाटेला जाऊ नये, दुसरा उद्योग पाहावा." शेवटचं वाक्य खोडणार होतो. नाही खोडलं. तीनदा वाचलं आणि पाठवलं.

डबा संपवला. भाजी खारट होती, तरी गोड लागली.

२१ जून

सरांचा फोन. उचलला नाही. त्यांच्याशी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, आणि सगळा मजला ऐकतो.

२४ जून

परत सरांचा. परत नाही उचलला.

२ जुलै, मंगळवार

जिन्यात टिटवी भेटली. मुद्दाम चारचौघांत म्हणालो, "लेख परत आला म्हणे? चालायचंच. कान काही सगळ्यांनाच नसतात."

ती बघतच राहिली. "कुठला लेख, सर? मी वर्षभरात काहीच पाठवलं नाही कुठे. विचारा बाईंना हवं तर."

शेजारी उभ्या बाईंनी होकाराची मान हलवली. खोटं बोलायचं काही कारणही नाही तिला.

खोलीत येऊन बसलो. तिघांतले दोघं बाद. नाही, नसेल. त्यांना ऐकू येत नाही! पण "अल्पमतीनुसार" – असं लिहिणारं आता दुसरं कोण उरलंय? कसं दिसलं नाही मला!

३ जुलै

सरांच्या मुलीचा फोन. "दादा, बाबांनी ते नवं कानातलं यंत्र काढून ठेवलंय. लावतच नाहीत. म्हणतात, आता काय ऐकायचंय? दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. तुम्हाला बोलावलंय."

"येतो उद्या" म्हणालो. आवाज माझाच होता ना, शंका आली.

४ जुलै

गेलो. माझा अहवाल त्यांच्या मांडीवर होता. मला पाहून त्यांनी यंत्र कानात घातलं. "तू ऐकून सांग रे. पाचवा आहे, की मला म्हाताऱ्याला भास झाला?"

"आहे, सर." ओरडून सांगितलं. दोनदा.

रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "मग संपादकांना उत्तर तूच लिही. पण सौम्य लिही हो. त्या परीक्षकालाही कुणीतरी शिकवलंच असेल."