पुढच्या सीटचा मान

पेण, २३ ऑगस्ट १९९९

चि. विष्णूस, वत्सलाचे आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीचेच, राग नवा.

रविवार, २२ ऑगस्ट, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, माझ्याच फाटकासमोर, तू मला गाडीत मागे बसवलंस. सव्वीस वर्षं ती पुढची सीट माझी आहे. गणपतीची मूर्ती पसंत करायची आणि मग तुमच्याकडे रोह्याला जेवायला जायचं, या दिवशी तरी ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. काल तिथे आसावरी, आणि तिच्या हातात यज्ञेशच्या मित्राकडून मागून आणलेलं ते उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र! मूर्तींच्या कारखान्यात पुंडलिकाने विचारलंच, की बाई आज मागे कशा. मी म्हटलं, पुढे उपग्रह बसलाय.

कासूजवळ त्या यंत्राचा बाण रस्ता सोडून सरळ शेतात शिरत होता. नागोठण्याला वळ म्हणून मी ओरडले, तर आसावरी म्हणते, थांबा वन्सं, यंत्राला विचारू. मला रस्ता पाठ असताना!

आणि एक गोष्ट मी मागून वाकून वाचली. यंत्रात रोह्याच्या घराला नाव दिलंयस ‘आसावरी’. पेणचं घर, जिथे तू जन्मलास, ते नुसतं ‘पेण’. एसटी स्टँडसारखं. तुझा लेक यज्ञेश गणपतीला अमेरिकेहून येताना लहान यंत्र आणणार की मोठं, हे तुम्ही दोघांनीच ठरवा. मला कोण विचारतंय?

माझा लोभ आहे तेवढाच आहे. तुझा किती उरलाय ते कळव.

वत्सला


रोहा, २७ ऑगस्ट १९९९

ती. वन्संना आसावरीचा सा. नमस्कार.

पत्र मी फोडलं, ह्यांना दाखवलं नाही. रागवा, पण आधी वाचा.

जूनमध्ये तुमच्याकडून परत येताना हे नागोठण्याला वळलेच नाहीत. पुढे खांबला काशीबाईंच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसून होते. घर कुठे, आठवेना. नुसतं माझं नाव घेत राहिले. काशीबाईंनी ह्यांच्या खिशातल्या डायरीत ते नाव शोधलं आणि फोन लावला. म्हणून यंत्रातही घराला तेच नाव. मी पुढे बसले ती यंत्र शिकायला. तुमची जागा घ्यायला नाही. तुम्हाला सांगायचं नाही, अशी ह्यांनी शपथ घातली होती.

यज्ञेशने दोन्ही यंत्रांची माहितीपत्रकं पाठवली आहेत, सोबत जोडते. मला त्यातलं इंग्रजी झेपत नाही. निवड तुम्हीच करा.

माया पातळ होऊ देऊ नका.

आसावरी


पेण, ३० ऑगस्ट १९९९

सौ. आसावरीस आशीर्वाद.

शपथ पाळलीस त्याबद्दल तुझ्यावर रागावले आहे. मोडलीस त्याबद्दल नाही.

पत्रकं दोनदा वाचली. मोठं यंत्र नको. ते गाडीला जखडलेलं, आणि माणूस गाडीबाहेरही चुकतो. लहान घ्या, सदऱ्याच्या खिशात मावतं. शिवाय आतल्या पानांवर लिहिलंय, त्याला रस्ते ठाऊकच नाहीत, फक्त दिशा. वळणं माणसानेच सांगायची. विष्णूला आता गाडी चालवू द्यायची नाही. बारा तारखेला मूर्ती न्यायला याल तेव्हा यज्ञेश चालवेल. पुढे तू बस, यंत्र घेऊन. मी मूर्ती मांडीवर घेऊन विष्णूशेजारी मागे बसेन, आणि वळणं तिथूनच सांगेन. माझा आवाज पोचतो, ते तू ऐकलंच आहेस.

मात्र खांबला त्याला तुझं नाव आठवलं, माझं नाही, हे मला बोचतंय. दोन दिवस बोचतंय. अडुसष्टाव्या वर्षी भावजयीचा हेवा करते म्हणून हस हवं तर. त्याला बोट धरून शाळेत मी नेलंय.

तेव्हा यंत्रात पेणच्या घराला माझं नाव द्या. आणि उत्तर विष्णूच्या हातचं हवं, दोन ओळींचं चालेल. मला पत्रात काय म्हणून हाक मारायची, हे तू त्याला सांगायचं नाहीस. गुरुवार, ९ सप्टेंबर, दुपारच्या टपालापर्यंत मी फाटकात उभी आहे.

वत्सला