या पत्त्यावर राहत नाही

ता. ४ मार्च

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

दादा सापडला. बस डेपोमागच्या पुलाखाली पुठ्ठ्यावर झोपला होता, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मला ओळखलं आणि कॉलेज का सोडलंस म्हणून वर मलाच झापलं.

तेव्हापासून गेले तीन आठवडे माझा चेंडू झालाय. मनोरुग्णालयाच्या खिडकीवर म्हणतात, आधी पावडर सोडवा, मग आणा. व्यसनमुक्ती केंद्रात म्हणतात, याला आवाज ऐकू येतात, आधी त्याचा इलाज करा. रात्रनिवाऱ्यात म्हणतात, दोन्ही उरकून या, मग खाट देतो. अगं, उघड्यावर झोपलं की आवाज वाढतात आणि ते बंद करायलाच तो पावडर ओढतो. हे दादाने मला दोन वाक्यांत सांगितलं, या तिघांच्या डोक्यात शिरत नाही. मी टेबलावर मूठ आपटली, तर रखवालदाराने दंडाला धरून बाहेर काढलं.

शेवटी मनोरुग्णालयातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी दोन्हींवर एकत्र उपचार करणाऱ्या वॉर्डच्या यादीत शब्द टाकून त्याचं नाव वरच घातलं. खाट रिकामी झाली की पोस्टाने पत्र येतं, तीन दिवसांत हजर व्हायचं.

आणि तिथल्या औषधांच्या खिडकीत एक मुलगी आहे. हसू नकोस. खाट मिळेपर्यंत दादाला गोळ्या कशा द्यायच्या ते तिने दोनदा समजावलं, मी दोनदा विसरलो, तिसऱ्यांदा मुद्दाम विचारलं. कागद संपला बघ. फॉर्मचं एक सांगायचं राहिलं, ते पुढच्या पत्रात.

माझ्यावरचा लोभ थोडा दादाकडेही वळव.

तुझा धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

औषधवालीचं वाचून हसले. आधी दाढी कर, मग चौथ्यांदा विचार.

दादाचं तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. पण इथे त्याचं नाव काढायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने पोलिसांत माझा पत्ता दिला, घरी चौकशी आली, तेव्हापासून सासूबाई दार अर्धंच उघडतात. परवा पुन्हा त्याच्या नावाचं खाकी पाकीट आलं. मला वाटलं, पुन्हा पोलिसांचंच. त्यावर ‘या पत्त्यावर राहत नाही’ असं लिहून पोस्टमनला परत दिलं. चुकलं असेल तर सांग.

नाव काढता आलं नाही तरी माया तेवढीच.

तुझी ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार मागाहून. ते पाकीट खाटेचं होतं.

पत्त्याशिवाय फॉर्म घेत नाहीत. दादाला पत्ता नाही, मला खोलीमालकाने पुढच्या महिन्याअखेर निघायला सांगितलंय, म्हणून तुझा लिहिला. नेमकं तेच सांगायचं राहिलं, त्या मुलीच्या नादात. तुला दोष देणारं एक पत्र लिहिलं आणि फाडलं. गाढव मीच.

कारकुनाने पाकीट पुढ्यात टाकलं. खाट दुसऱ्याला गेली, नाव यादीच्या तळाशी. आता सात-आठ महिने. मी असा ओरडलो की औषधांच्या खिडकीतून तीही वाकून बघायला लागली. कोणत्या तोंडाने जाऊ आता तिथे?

दादा ओरडला नाही. त्याने अक्षर ओळखलं. ताईचा ‘ह’ अजून तसाच आहे, एवढंच म्हणाला. पाकीट शर्टाच्या आत ठेवलं आणि पुलाकडे चालू लागला. काल गेलो तर पुन्हा ओढून पडला होता.

फॉर्म नव्याने भरायचाय. पत्ता काय लिहू?

रागावलेला, तरी तुझाच

धाकटा

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्ता हाच लिही, पिनकोडसकट.

त्याला इथे आणता येणार नाही. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं, आणि सासूबाईंशी बोलायला माझी जीभ अजून रेटत नाही. लाज वाटते आणि चीडही येते. त्याचं पत्र ठेवून घेईन, त्याला नाही, असं हे माझं घर. आठ महिने तो पुलाखाली काढणार आणि आपण यादी सरकायची वाट बघणार.

औषधवालीकडे जा. तोंड हेच आहे, दुसरं कुठून आणशील? दादाच्या गोळ्या तरी चुकवू नकोस.

आज दाराच्या पत्रपेटीवर आमच्या नावांखाली रंगाने त्याचं नाव लिहिलं. पोस्टमनने विचारलं, हे नवीन कोण आले राहायला. मी म्हटलं, “नवीन नाही. माझा भाऊ आहे.”

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

तुम्हा दोघांची

ताई