सलीमच्या फाइलवरचा दुसरा कोड

अकोला, पोळ्यानंतरचा मंगळवार, संध्याकाळ

कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारताना पाठीवरचा पंप गळून विष अंगात गेलं, अन् मजूर सलीम आमच्या दवाखान्यात वारला. फाइलींवर आजाराचे, मृत्यूच्या कारणाचे कोड टाकणं माझं काम. त्याच्या फाइलवर नुसता कीटकनाशकाच्या विषबाधेचा कोड. गाव म्हणतं, जीव द्यायला विष प्याला. सलीमची बायको रडत म्हणाली, "भाऊ, त्याईची पाठ भिजली होती. त्याईनं पेलं नाही."

भिजलेली पाठ केसपेपरवर डॉक्टरांनीही लिहिलीय. मग कोडात का नको? मी दुसरा कोड जोडला: अपघाताने, शेतात काम करताना.

आमचे रेकॉर्ड विभागाचे साहेब चिडले. "बापू, एका कोडात भागते. कावून डोकं लावून राहिले?"

"सायेब, एकानं विष समजते. आंगात कसं गेलं, ते दुसऱ्यानं."

मी दहावी नापास. कोडांचं पुस्तक एकट्यानं वाचून शिकलो. चुकलो का? पुन्हा तपासलं. नाही.

फाइल त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. खोडायचं तर त्यांनी खोडावं, खाली सही करून.