आधी ओरडून सांगायचं

९ फेब्रुवारी १८६३
वही, चुका पोटात घाल. चौथीत शाळा सुटली, मग चामड्याच्या कारखान्यात गेलो. लिहायला वेळ लागतो, त्यात थंडीने बोटं वाकत नाहीत. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं ततपप होतं. म्हणून तुला सांगतो.

नदीवर पहारा आहे. या काठाला आम्ही निळ्या कोटांचे उत्तरवाले, त्या काठाला दक्षिणवाले, दोघंही अमेरिकेचेच. मध्ये दगड भिरकावला तर पलीकडे पडेल एवढंच पाणी. त्यांच्याकडे कॉफी नाही, आमच्याकडे तंबाखू नाही. मग फळीची होडी करायची, चिंधीचं शीड लावायचं, कॉफी बांधून सोडायची. परत येते ती तंबाखू घेऊन. समोर लेम म्हणून एक आहे, जॉर्जियाचा, लाल दाढीवाला. ओरडतो, "ए बारक्या, कॉफीत माती जरा कमी घाल की." मी नुसता हात हलवतो.

पहाऱ्यावरच्या माणसाला गोळी घालायची नाही. वरून हुकूम आलाच तर आधी ओरडून सांगायचं, मग झाडायची. दोन्हीकडे हेच ठरलंय. लिहिलेलं कुठे नाही.

१२ फेब्रुवारी
नवा लेफ्टनंट आलाय, विकहॅम. आमची होडी बुटाने फोडली. म्हणे, "मामाच्या गावाला आलात का रे?"

१४ फेब्रुवारी
लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी विकहॅमचा हुकूम — दिसेल त्याला गोळी घाला. आणि कुणी ओरडलं तर याद राखा. काठावर सगळ्यात पुढे मीच होतो. वारा नव्हता, आवाज सहज पोचला असता. लेम पाण्याशी वाकून पातेलं घासत होता. मला बघून त्याने हात केला. मी हात पण नाही केला. शेजारून होझियाने गोळी घातली. लेम पाण्यात बसला. दमून बसावं तसा. पातेलं वाहत गेलं.

होझिया चाळिशीचा, गावाकडे पिंपं बनवायचा, माझ्याच तंबूत झोपतो. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याने मला ढकललं नाही. म्हणाला, "चाप मी ओढला, कबूल. पण तुझ्या तोंडात काय बोळा होता का रे?"

१५ फेब्रुवारी
विकहॅमचा राग. होझियाचा राग. मला भरती करून घेणाऱ्या त्या जाड्याचा राग. एकेकाला सोलून चुन्यात टाकावं, कारखान्यात कातडी टाकायचो तसं. तोंडात बोळा. तोंडात बोळा. डोक्यातून जात नाही.

१८ फेब्रुवारी
आम्ही उघड्यावर शेकत बसलो होतो. समोरून हाक आली. "ए निळ्यांनो, खड्ड्यात शिरा! आम्हाला हुकूम आलाय."

सगळे आडवे झालो. मग गोळ्या आल्या. एकालाही लागली नाही.

लेमला मारून चार दिवस झाले, आणि तरी ओरडून सांगितलं त्यांनी. मला त्यांचाच राग आला. एवढं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं? मारायचं होतं ना सरळ. फिटलं तरी असतं.

२१ फेब्रुवारी
विकहॅमने परत तोच हुकूम दिला. पलीकडे दोघं लाकडं फोडत होते, पाठ आमच्याकडे. मी उभा राहिलो आणि ओरडलो. "आत शिरा रे! झाडतोय आम्ही!" एकदाही अडखळलो नाही.

दोघं कुऱ्हाडी टाकून पळाले.

विकहॅमने विचारलं, कोण तो? होझिया खाकरला, काहीतरी बोलणार होता. मी आधीच नाव सांगितलं. "मुका आहेस असं ऐकलं होतं," विकहॅम म्हणाला. मी म्हणालो, "होतो, साहेब."

अंगठ्यांना दोरी बांधून दुपारपर्यंत झाडाला लटकावलं. पेन्सिल दोन्ही मुठींत धरून लिहितोय. सुटल्यावर होझियाने स्वतःच्या हाताने सूप भरवलं.

२२ फेब्रुवारी
आईचं पत्र आलं. धाकटा भाऊ नेड भरती झाला. वय अठरा सांगितलं. चौदावं लागलंय त्याला.