गार इंजिन

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. पण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लाँचच्या इंजिनापाशी उकिडवे बसलेले तुम्ही अजून दिसता. मी डबा घेऊन येते, तुम्ही चिंधीला हात पुसत वर बघता. एकदा कुणीतरी विकायला आणलेलं इंजिन तिथे चालू होतं आणि मी उगाच शहाणपणाने म्हणाले, किती छान चालतंय. तुम्ही चारचौघांत मला झापलंत. "गरम इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं. त्याला गार असताना विचारावं." चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. पण पुस्तकांतलं पुष्कळ विसरले, हे विसरले नाही.

आमचे हे गेल्यावर आंबापोळी आणि कोकमांचं काम माझ्या एकटीवर आलं. माल देवरूखपर्यंत पोचवायचा तर एसटीच्या टपावर किती दिवस टाकणार? एक लहान गाडी घ्यायची ठरवली. ह्यांच्या मागे जे होतं ते सगळं त्यात जाणार होतं, गाडी फसली तर चूल बंद. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांची पेट्रोलची गाडी होती. सकाळी माझ्यासमोर पहिल्या चावीला सुरू झाली. ड्रायव्हर ठेवला की झालं, कुणाचं मिंधेपण नाही. आणि दुसरी होती भावोजींची. ते जहाजावरची नोकरी सोडून कायमचे परत आले तेव्हा एक छोटी जपानी गाडी घेऊन आले होते. डिझेलची, त्यात टर्बो. मिरजोळ्याला त्यांच्या अंगणात उभी असे आणि येणारा-जाणारा बघून जाई. भावोजी म्हणत, डिझेल स्वस्त, चढाला ओढ चांगली, आणि वहिनी, चालवायला मी आहेच.

ते शेवटचं मला खुपलं. वाचनालयात एका मासिकात टर्बोबद्दल वाचलं. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तोच इंजिनात जास्त हवा कोंबतो. धुराकडूनसुद्धा काम करून घेणारं यंत्र मला जरा जास्तच हुशार वाटलं. गाडी थांबली की लगेच बंद करायची नाही, थोडा वेळ चालू ठेवायची, असंही भावोजी सांगत. का, ते विचारलं की हसत. आणि इतकी गुणाची गाडी, तर स्वतःच्या भावजयीला कशाला द्यायची? सगळे म्हणाले, घरचा माणूस आहे. मला घरच्या माणसाचीच धास्ती. परक्याशी भांडता येतं.

दहा वाजता येते म्हणून कळवलं आणि सातलाच जाऊन उभी राहिले. भावोजी दात घासत होते. मी सरळ जाऊन बॉनेटवर हात ठेवला. गरम. त्यांचा चेहरा पाहिला, त्यांनी माझा पाहिला. म्हणाले, पहाटे ग्रामदेवतेला गेलो होतो, व्यवहार व्हायच्या आधी गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. नारळाची शकलं पायरीवर होती खरी. पण नारळ काय, घरातही फोडता येतो.

"भावोजी, गाडी देवाला दाखवायची होती, की मला गार दाखवायची नव्हती?"

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "घ्या. सांगत होते मी, चालत जा म्हणून. गाडीत बसून गाऱ्हाणं घालायला देव काय पेट्रोल पंपावर आहे?"

भावोजी हसले नाहीत. तोंड धुऊन आले, चावी आणून माझ्या हातावर ठेवली. "उद्या या, वहिनी. तोवर ही तुमच्याकडे." मी चावी कमरेला खोचून एसटीने घरी आले. वाटेत गुरव भेटला, म्हणाला, तुमच्या दिरांनी देवाला सांगितलं, गाडीत काही खोट असेल तर घेणारीला आधी दिसू दे. मी मान हलवली. पहाटे तोही त्याच गाडीतून घरी आला असणार, असं मनात आलंच.

दुसऱ्या दिवशी बॉनेट दवाने ओलं होतं. भावोजींनी चावी अर्धी फिरवून धरली, डिझेलला सुरू होण्याआधी लागते तेवढी ऊब मिळून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबले. पहिल्यांदा नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा पांढरा धूर टाकून सुरू झाली आणि मग सरळ चालत राहिली. गार डिझेल इतकं खोकतंच. लपवलं काहीच नव्हतं, आबा. मी तीच घेतली. दोन पावसाळे झाले, भावोजी चालवतात, मी शेजारी बसते. हल्ली आम्ही ह्यांच्याबद्दलही थोडं बोलतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तरी एक लिहून ठेवते. ती पहिल्यांदा नुसती खोकली ना, तेव्हा मी आतून खूश झाले होते. खोटी निघाली असती तर उठून घरी आले असते, आणि पुन्हा कुणाला जवळ करायची गरज पडली नसती.