उतार फोडू नये

मी, मैना बहिरू गांगुर्डे, वय ५२, धंदा फॉल-पिको आणि स्टेजवर विनोद सांगणे, राहणार देवळाली कॅम्प, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. पाय पोलिओत गेले; मृत्युपत्राला ते लागत नाहीत, हे वकील योगिनीबाईंना विचारून घेतलं. शिक्षण चौथी. पाचवीचा वर्ग माडीवर होता.

भाऊ शेखर मागच्या आठवड्यात गवंडी आणून माझ्या दारातला चाकाच्या खुर्चीचा उतार मोजून गेला. म्हणून आजच लिहिते.

१. बाजारातली खोली मी शिलाईच्या कमाईवर घेतली, वडिलोपार्जित नाही. ती सिमेंटच्या उतारासकट माझ्यानंतर आलिमा निसार शेख हिची. तिला दिसत नाही, मला चालता येत नाही, आणि गावातल्या प्रत्येक स्टेजला पायऱ्या. म्हणून शनिवारचा विनोदाचा कार्यक्रम आम्ही याच खोलीत, फरशीवर करतो. शेखर म्हणतो, "ताई, उतार फोड, शटर लावू, मोबाईलचं दुकान टाकतो. लोकं तुला हसायला येतात." त्यासाठीच येतात बाबा, तिकीट काढून.

२. शिलाई मशीन शेखरच्या हर्षालीला. बाप बाहेर उभा असताना ती पहिल्या रांगेत बसून हसली.

३. चाकाची खुर्ची शेखरला. त्याचेही गुडघे गेलेत, कबूल करत नाही. उतार लागला तर आलिमाला विचारून वापरावा.

४. दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं नकोत. "अपंग असूनही" म्हणत कोणी उठला तर योगिनीबाईंनी माईक काढून आलिमाला द्यावा. तिने माझा शाळेचा विनोद सांगावा. शेवटचं वाक्य घाईत खाऊ नये, नेहमी खाते.

५. घाटाच्या पायऱ्या उतरून मला जिवंतपणी कोणी नेलं नाही, आता पिंड होऊन जाईन. कावळा शिवेना की शेखर हात जोडून काहीही कबूल करतो. आईच्या वेळी "ताईला सांभाळीन" म्हणाला, कावळा शिवला, हा विसरला. माझ्या वेळी त्याने माईकवर, सगळ्यांदेखत एवढंच म्हणावं : "ताई, उतार फोडणार नाही."

तोवर मी कावळ्याला शिवू देणार नाही.

सही : मैना बहिरू गांगुर्डे

मैनाबाईंनी वाचून, आमच्या डोळ्यांदेखत सही केली. मध्ये दोनदा आम्हाला हसू नका म्हणाल्या.
साक्षीदार : १. पुंजा सोनवणे २. रंगूबाई आहेर

देवळाली कॅम्प, नाशिक
१४ फेब्रुवारी २०२५